दौऱ्यात पाहिलेलं आपल्या खाचरात कसं उतरवावं

अभ्यासदौऱ्यावरून परतणाऱ्या गाडीत सीटखाली दहा-बारा कलमं हमखास असतात. काजूची, आंब्याची, कुणाचं एखादं जायफळाचं. गणपतीपर्यंत त्यातली बरीचशी पडवीच्या कोपऱ्यात पिशवीतच सुकलेली सापडतात, कारण खड्डे मे महिन्यात मारायचे असतात आणि दौरा झालेला असतो जुलैत. दौऱ्यात फळ दिसतं. त्या फळाआधी कोणतं काम कोणत्या महिन्यात झालं हे विचारावं लागतं, आणि तेच राहून जातं. मुंबई सोडून गावच्या जमिनीकडे वळलेल्या किंवा वडिलांकडून नुकतीच शेती हाती घेतलेल्या माणसासाठी पुढची माहिती आहे.

पाहण्याजोग्या जागा कोकणात भरपूर आहेत. दापोलीचं डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठ १९७२ पासून आहे. त्याची संशोधन केंद्रं पसरलेली आहेत: भातासाठी शिरगाव आणि कर्जत, काजू-आंब्यासाठी वेंगुर्ला, नारळासाठी भाट्ये. लांजा, किर्लोस, रोहा, कोसबाड इथे कृषी विज्ञान केंद्रं आहेत. ‘आत्मा’ (कृषी तंत्रज्ञान व्यवस्थापन यंत्रणा) या सरकारी योजनेतून दौरे आणि शेतीशाळा निघतात, त्यासाठी गावच्या सहायक कृषी अधिकाऱ्याकडे (पूर्वीचे कृषी सहायक) आधी नाव सांगून ठेवावं. जागेपेक्षा वेळ महत्त्वाची. ऑगस्टात काजूची बाग पाहिली तर नुसती हिरवी झाडं दिसतील. मार्चमध्ये जा, तेव्हा बी पडत असते. भाताची फेरी दोनदा करावी, एकदा लावणी चालू असताना आणि एकदा कापणीच्या तोंडावर. एकच जमणार असेल तर लावणीची करा. पिकलेलं भात कुठेही छानच दिसतं.

संशोधन केंद्राला कुंपण असतं, पाण्याची सोय असते, कायम मजूर असतात. म्हणून केंद्रावरून पद्धत घ्यावी आणि खर्चाचा हिशेब शेतकऱ्याच्या बांधावरून. ‘उत्पन्न किती?’ हा प्रश्न शेवटी विचारा. आधी विचारा: एप्रिलमध्ये विहिरीला पाणी किती राहतं? जमीन जांभ्याची की पोयट्याची? या कामाला किती माणसं लागली, किती दिवस? कोणत्या वर्षी बिघडलं आणि कशाने? मालकाचं सांगून झालं की गड्यांशीही बोला. खत नक्की किती पडलं हे त्यांना जास्त ठाऊक असतं.

खिशात छोटा वजनकाटा असला तर आणखी बरं. वेंगुर्ला-४ काजूची बी सरासरी ७.७ ग्रॅम भरते, वेंगुर्ला-७ ची १० ग्रॅम. म्हणजे एका किलोला पहिल्या जातीच्या सुमारे १३० बिया वेचाव्या लागतात, दुसऱ्या जातीच्या १००. बी जमिनीवरून वाकून वेचायची असल्यामुळे किलोमागे तीस वेळा कमी वाकणं ही मजुरीच्या दृष्टीने मोठी गोष्ट आहे. माहितीपत्रकातल्या आकड्यांतून हे चटकन ध्यानात येत नाही.

घरी आल्यावर सगळं खाचर बदलू नका. एक गुंठा घ्या, ३३ फूट गुणिले ३३ फूट. आपली खाचरं चौकोनी नसतात, म्हणून टेपने मोजून खुंट्या मारा. उदाहरणाला डॉ. नारायण सावंत यांची चारसूत्री भातलागवड घेऊ, कारण तिच्यात काय बदललं ते डोळ्यांना दिसतं. चार सूत्रं अशी: भाताचे अवशेष परत जमिनीत घालणं (तरव्याच्या, म्हणजे रोपांच्या वाफ्यात तुसाची काळी राख, खाचरात पेंढा), गिरीपुष्पाचा (ग्लिरिसिडियाचा) पाला चिखलणीआधी गाडणं, नियंत्रित लावणी, आणि युरिया-डीएपी खताच्या गोळ्या म्हणजे ब्रिकेट खोचणं.

खरी कसोटी शेवटच्या दोन सूत्रांत. दोरीवर आळीपाळीने १५ आणि २५ सेंटिमीटरवर रंगीत खुणा करा. दोरी ताणून खुणेखुणेवर दोन-तीन रोपांचा चूड लावा, आणि दोरी पुढे सरकवतानाही तेच अंतर, १५ मग २५. असं केलं की चार चुडांचे छोटे चौकोन तयार होतात आणि मध्ये २५ सेंटिमीटरच्या चालायच्या वाटा राहतात. लावणीच्याच दिवशी, पाणी पातळ ठेवून, प्रत्येक चौकोनाच्या मधोमध २.७ ग्रॅमची एक ब्रिकेट ७ ते १० सेंटिमीटर खोल खोचायची आणि बोटाचं भोक चिखलाने बुजवायचं. हेक्टरी ६२,५०० ब्रिकेट बसतात, म्हणजे गुंठ्याला साधारण ६३०, वजनाने पावणेदोन किलोच्या आसपास. मे महिन्यातच आणून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. पावसाळी हवेत उघड्या पडल्या की पाझरून चिकट होतात.

इतका खटाटोप का? कोकणात तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. वरून फेकलेला युरिया वरच्या खाचरातून खालच्या खाचरात, तिथून वहाळात जातो. खोल गाडलेल्या गोळीतला नत्र अमोनियमच्या रूपात चिखलाच्या कणांना धरून राहतो, मुळांना सावकाश मिळतो. म्हणूनच भोक उघडं राहिलं की सगळी मेहनत पाण्यात. रेताड, पाणी झिरपणाऱ्या खाचरातही फायदा कमी दिसतो. नंतर बेणताना, म्हणजे तण काढताना, चौकोनात पाय किंवा हात घालू नये, वाटेनेच जावं.

हे काम बिघडतं ते बहुधा दोरीपाशी. लावणी करतात बायका, आणि दौऱ्याला जाऊन येतात पुरुष. मग बांधावर उभं राहून ‘दोरीवर लावा’ असं ओरडणं सुरू होतं. लावणीचा वेग सुरुवातीला घटतो, मजुरीचा दिवस वाढतो, आणि दुपारनंतर दोरी बांधावर पडलेली असते. लावणीत जी बाई पुढे असते तिला दौऱ्याला न्या. ते जमत नसेल तर आदल्या दिवशी अंगणात कोरड्या जमिनीवर दोरी टाकून दोन ओळी करून बघा. एक दिवस जास्तीचा धरूनच मजूर सांगा.

तुलना करायची तर खरी करा. शेजारच्या गुंठ्यात तेच बियाणं, तोच तरवा, त्याच दिवशी, जुन्या पद्धतीने लावा. नवी पद्धत आणि नवं बियाणं एकदम घेतलं तर फरक कशाने पडला ते कळत नाही. दोन्ही गुंठे वर-खाली नसावेत, कारण वरच्याचं खत खालच्यात उतरतं. शेजारी-शेजारी, मधे बांध, पाण्याची वाट वेगळी. आणि नव्या पद्धतीला मुद्दाम चांगलं खाचर देऊ नका, हा मोह सगळ्यांना होतो.

झाडांच्या बाबतीत घाई आणखी महाग पडते. हापूस वर्षाआड धरतो म्हणून कल्टार (झाडाची वाढ रोखून मोहोर आणणारं औषध) वापरतात. दौऱ्यात कानावर पडतं ते फक्त ‘झाडाला इतकं’. खरी शिफारस झाडाच्या विस्ताराच्या व्यासावर आहे: दर मीटरला ३ मिली. सहा मीटर पसरलेल्या झाडाला १८ मिली, पाण्यात मिसळून, बुंध्याभोवती छोटे खड्डे घेऊन, १५ जुलै ते १५ ऑगस्टच्या दरम्यान. दहा वर्षांखालच्या झाडाला नको. मात्रा जास्त झाली किंवा खतपाण्याविना दरवर्षी चालू ठेवलं तर पालवी आखूड होते, मोहोर गुच्छासारखा दाटतो आणि झाड थकतं. पाच झाडांवर दोन हंगाम पाहा, मग बाग.

दोन गोष्टी दौऱ्यात कोणी सांगत नाही. भातकापणीनंतर गावची गुरं मोकळी सुटतात. बाकीच्या खाचरांत गवत आणि तुमच्या एकट्याच्या खाचरात कलिंगड असेल तर राखण रात्रंदिवस. वाडीतली चार घरं लागून असलेल्या खाचरांत मिळून करतील तरच हात घाला. दुसरी, सातबाऱ्यावर सहा नावं आणि त्यातली चार मुंबईत. अनुदानाच्या अर्जाला सहहिस्सेदारांची संमती लागते तेव्हा ती शिमग्याला किंवा गणपतीला चाकरमानी गावात असतानाच घेऊन ठेवा.

वहीत रोजचं काही लिहू नका, टिकत नाही. तारीख, काम, माणसं, पैसे, एवढे चार रकाने पुरतात. कापणी झाल्यावर दोन्ही गुंठ्यांचं भात वेगळं झोडा, सारखेच दिवस वाळवा आणि मग वजन करा. गुंठ्याला ४५ किलो म्हणजे एकराला १८ क्विंटल, चाळीसने गुणायचं. नव्या गुंठ्याची जास्तीची मजुरी वजा करून मगच फायदा मोजा. वजनाच्या दिवशी वाडीतल्या जाणत्यांना बोलवा, विशेषतः ज्यांनी लावणीच्या वेळी दोरी पाहून हसून घेतलं त्यांना, आणि पोतं काट्यावर त्यांनाच चढवू द्या.