बांधावर एक मीटरचा चौकोन आखा आणि वर्षभर बघा

पोरांच्या पुस्तकात परिसंस्थेचा, म्हणजे एका जागेतले जीव आणि तिथलं ऊन, पाणी, माती यांच्या एकमेकांशी नात्याचा धडा आला की चित्रात वाघ, हरिण आणि गवत ठरलेलं. बेळगाव जिल्ह्यातल्या भीमगडच्या जंगलात वाघ आहे, खरं तिकडं रोज कोण जाणार? आपल्या भाताच्या बांधावर तेच सगळं चाललेलं असतंय, एका जागी बसून बघायला पाहिजे एवढंच. आम्ही घरात तीन वर्षं हे करतोय, म्हणून कसं करायचं ते सांगते.

चार खुंट्या, सुतळी, वही आणि पेन्सिल एवढंच सामान. मिरगाच्या आधी एक मीटर लांब-रुंद असे दोन चौकोन आखा, एक उघड्या बांधावर उन्हात आणि दुसरा आंब्याच्या नाहीतर जांभळाच्या सावलीत, कारण एकच जागा बघितली तर ती तशी का आहे ते कळत नाही, दोन शेजारी ठेवल्या की लगेच कळतंय. बारकी पोरं असतील तर पायात बूट घालायला लावा, आणि खेकड्याच्या बिळात हात घालू देऊ नका, त्यात साप असू शकतोय.

पहिल्यांदा निर्जीव गोष्टी लिहा. ऊन किती वेळ पडतंय, वारा लागतोय का, मातीची मूठ वळतीय का भुगा होतोय. मग जिवंत काय काय ते मोजा, गवताचे प्रकार किती, मुंग्या, कोळ्याची जाळी, गांडुळाच्या मातीच्या गोळ्या. नाव येत नसलं तर चित्र काढून "लाल पायाचा किडा" असं लिहिलं तरी चालतंय. महिन्यातनं दोनदा, एकाच वेळेला जायचं, नाहीतर सकाळचं आणि दुपारचं मिसळून सगळा गोंधळ. पहिला मोठा पाऊस झाला की एकदा रात्री बॅटरी घेऊन जा, बेडूक तेव्हाच दिसतात.

आता कोण कुणाला खातंय ते दाखवायला वहीत बाण काढा. गवत, नाकतोडा, बेडूक, धामण. बाणाचं टोक खाणाऱ्याकडं करायचं, इथं निम्मी पोरं चुकतात, कारण बाण म्हणजे अन्न कुठं चाललंय ते. प्रत्येक पायरीला साधारण दहा टक्केच पुढं जातंय, बाकीचं जगण्यात, हलण्यात आणि उष्णता होऊन जातंय. म्हणजे ढोबळमानानं हजार किलो गवतावर शंभर किलो नाकतोडे, त्यावर दहा किलो बेडूक आणि धामणीच्या वाट्याला एक किलो. शिवारात नाकतोडे ढिगानं आणि धामण एखादीच का, याचं उत्तर हेच. आणि मेलेलं सगळं गांडूळ, बुरशी, वाळवी परत मातीत घालतात, तो बाण विसरू नका.

कोळी मात्र नीट मोजा. दुसऱ्या वर्षी आमच्या भातावर तुडतुडे, म्हणजे भाताचा रस शोषणारे बारके किडे दिसले आणि घाबरून आम्ही लागोपाठ दोनदा औषध मारलं. पंधरा दिवसांनी चौकोनात एक कोळी नाही आणि तुडतुडे आधीपेक्षा जास्त. तुडतुड्यांची अंडी भाताच्या खोडाच्या आवरणात आत असतात, तिथं औषध पोचत नाही, आणि पिल्लं बाहेर पडली तेव्हा खाणारा कोळीच उरला नव्हता. वहीत आकडे होते म्हणून कळलं, नाहीतर औषधच कमी पडलं म्हणून तिसऱ्यांदा मारलं असतं. त्या दिवशी मला फार वाईट वाटलं.

सौंदत्तीला यल्लम्माला जाताना ही वही बरोबर घ्या. मलप्रभा कणकुंबीत उगम पावते आणि तीच नदी पुढं सौंदत्तीकडं जाते, खरं पश्चिमेला मुसळधार पाऊस, दाट झाडी आणि भात, तर पूर्वेला जाईल तसा पाऊस कमी, जोंधळा आणि बाभळ सुरू. खिडकीतनं बघून कुठल्या गावापासनं झाडं बदलली ते पोरांना लिहायला सांगा, पाऊस जीवांना कसा निवडतोय ते प्रवासातच दिसतंय.

भात काढल्यावर बरीच शिवारं मसुरीची. फुलं यायच्या सुमाराला एक रोप खुरप्यानं खणून अलगद काढा, उपटू नका, मुळं तुटतात. मुळांवर बारक्या गाठी दिसतील, त्यातली एक नखानं फोडा. आत गुलाबी असलं तर तिथले जिवाणू हवेतला नत्र धरून मसुरीला देतायत आणि मसूर त्यांना साखर देतीय. हिरवट किंवा करडी असली तर ती काम करत नाही. अशा दहा गाठी फोडून किती गुलाबी निघाल्या ते वहीत लिहा, आणि पुढच्या वर्षी त्याच शेतात परत बघा.