लिम्फोमाचा आयएचसी रिपोर्ट हातात आला की आधी काय बघायचं

लिम्फोमा म्हणजे लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींचा कॅन्सर, अन् आयएचसी म्हणजे गाठीच्या तुकड्यावर रंग चढवून पेशींतली प्रोटीन ओळखायची तपासणी. काकांचा रिपोर्ट नागपूरच्या धंतोलीतून घेतला अन् खाली चहाच्या टपरीवर उभ्या उभ्याच वाचला, केआय-६७ (पेशींच्या वाढीचा आकडा) समोर ८५% दिसलं, मला वाटलं संपलं सगळं. तसं नसते बापा, म्हणूनच हे लिहून राहिलो.

पहिलं म्हणजे बायॉप्सी कशाची झाली ते बघा. नुसत्या बारीक सुईनं, म्हणजे एफएनएसीवर, लिम्फोमाचा प्रकार नक्की करणं अवघड जाते, जमत असेल तर आख्खी गाठच काढून तपासलेली बरी. आमचे पंधरा दिवस यातच गेले.

मग मार्कर, म्हणजे पेशीची ओळख सांगणारं प्रोटीन. पेशीवर ते असलं की स्लाइडवर तपकिरी रंग चढतो, त्यालाच पॉझिटिव्ह म्हणतात. काकू तर त्या एका शब्दावरच रडायला लागल्या, पण सीडी२० पॉझिटिव्ह म्हणजे बी-सेल लिम्फोमा (बी-सेल अन् टी-सेल हे लिम्फोसाइटचे दोन प्रकार), अन् ते एका परीनं कामाचंच, कारण रिटुक्सिमॅब हे औषध ह्याच सीडी२०ला जाऊन चिकटतं. सीडी३ टी-सेलचं, पण त्यापुढं 'रिअ‍ॅक्टिव्ह' किंवा 'बॅकग्राउंड' लिहिलं असेल तर त्या आजूबाजूच्या साध्या पेशी, कॅन्सरच्या नाही. मोठ्या पेशींवर सीडी३० अन् सीडी१५ दोन्ही आले तर बहुतेक हॉजकिन नावाचा लिम्फोमा.

डीएलबीसीएल (मोठ्या बी-पेशींचा लिम्फोमा) असेल तर त्याचा उपप्रकार ठरवायला हान्सची पद्धत लावतात, २००४ची आहे, घरी पण लावता येते, कटऑफ ३०%, म्हणजे तेवढ्या किंवा जास्त पेशींवर रंग चढला तर पॉझिटिव्ह. सीडी१० पॉझिटिव्ह, तर जीसीबी (लिम्फगाठीतल्या जर्मिनल सेंटरच्या बी-पेशींसारखा उपप्रकार). सीडी१० निगेटिव्ह असेल तर बीसीएल६ बघा, तेही निगेटिव्ह तर नॉन-जीसीबी. बीसीएल६ पॉझिटिव्ह असेल तर एमयूएम१वर ठरतं, ते पॉझिटिव्ह तर नॉन-जीसीबी, नाही तर जीसीबी. सरासरीनं जीसीबीवाल्यांचं बरं चालते.

आता तो ८५%. केआय-६७ म्हणजे किती टक्के पेशी वाढायच्या नादात आहेत ते. बर्किट नावाच्या लिम्फोमात हा आकडा जवळजवळ १००% असतो अन् तरी जोरदार केमोनं बरेच पेशंट पूर्ण बरे होतात, उलट मँटल सेल लिम्फोमात (सायक्लिन डी१ हा मार्कर पॉझिटिव्ह असते ते) ३०%च्या वर गेला की डॉक्टर गंभीर होतात. म्हणून प्रकार माहीत नसताना नुसता आकडा गूगल करू नका, मी केला, रात्रभर झोप नाही.

एमवायसी अन् बीसीएल२ हे दोन मार्कर अनुक्रमे ४०% अन् ५०% किंवा जास्त असतील तर 'डबल एक्सप्रेसर', त्याला 'डबल हिट' समजू नका, ते जीनमधल्या बदलाचं असते, फिश या जीन बघायच्या टेस्टवर कळते अन् जास्त अवघड. एवढं डॉक्टरला नक्की विचारा. बाकी वय, एलडीएच (रक्तातलं एक एन्झाइम), स्टेज, पेशंट किती हिंडतो-फिरतो, गाठींबाहेर किती ठिकाणी पसरलं, यावरून आजार पुढं कसा जाईल याचा अंदाज देणारा आयपीआय स्कोअर निघतो, तो मार्करइतकाच महत्त्वाचा.

दुसरं ओपिनियन घ्यायचं असेल तर लॅबमधून स्लाइडसोबत ब्लॉकही मागून घ्या. गाठीचा तुकडा मेणात बसवलेला असतो तो, मे महिन्यात गाडीच्या डिक्कीत टाकून बर्डीभर फिरू नका.