इलेक्ट्रॉनिक ड्रम किट लॅपटॉपला कसे जोडावे आणि वाजवलेले कसे रेकॉर्ड करावे

फ्लॅटमध्ये राहणारे बरेच जण शेजाऱ्यांचा विचार करून इलेक्ट्रॉनिक ड्रम घेतात आणि कित्येक महिने हेडफोन लावून वाजवत राहतात. मोड्यूलच्या, म्हणजे पॅड ज्याला जोडलेले असतात त्या आवाजाच्या डब्याच्या, पाठीमागचा चौकोनी पोर्ट तसाच धूळ खात पडतो. त्यात केबल घालून लॅपटॉपला जोडली की रियाजाचे रूपच पालटते. आपण कुठे घाई करतो, डावा हात किती हलका पडतो, हे ऐकायलाच नव्हे तर डोळ्यांनी बघायलाही मिळते.

जोडण्याआधी एक गोष्ट नीट समजून घ्या. मोड्यूलमधून दोन वेगळ्या गोष्टी बाहेर पडतात. एक म्हणजे तयार आवाज, जो हेडफोनमध्ये ऐकू येतो. दुसरी म्हणजे मिडी. मिडीत आवाज नसतोच. तबल्याचे बोल वहीत उतरवून ठेवावेत तशी ती नोंद असते: कोणता पॅड, किती जोरात, नेमका केव्हा. वहीतले बोल उद्या दुसऱ्या तबल्यावर वाजवता येतात, तशी आज वाजवलेली मिडी उद्या वेगळ्याच किटच्या आवाजात ऐकता येते आणि चुकलेला एकच ठोका जागेवर आणता येतो. आवाज रेकॉर्ड केला तर किक, स्नेअर, झांजा सगळे एकात एक मिसळून जाते. नंतर नुसता स्नेअर वाढवायचा म्हटले तरी वेगळा काढता येत नाही. म्हणून मिडी रेकॉर्ड कराच, आणि जमले तर सोबत आवाजही.

केबल

आजकालच्या बहुतेक मोड्यूलना यूएसबी पोर्ट असतो, बऱ्याचदा चौकोनी, म्हणजे प्रिंटरला लागते तीच केबल. काही मोड्यूलना पेन ड्राइव्हसाठी दुसरा, चपटा पोर्टही असतो. तो यासाठी नाही. केबल थेट लॅपटॉपला लावा, मध्ये हब नको. लांबीही आखूड ठेवा. माझे किट गॅलरीजवळ आणि टेबल खोलीच्या दुसऱ्या टोकाला होते, म्हणून मी दोन केबली जोडून काम भागवले. वाजवता वाजवता मध्येच संपर्क तुटायचा, आणि मी दोष सॉफ्टवेअरला देत बसलो. यूएसबी २.० ची केबल ५ मीटरपेक्षा लांब नसावी, हे तेव्हा कळले. टेबलच किटजवळ आणले, प्रश्न मिटला.

जुन्या मोड्यूलना यूएसबी नसतो, पाच पिनांचा गोल मिडी पोर्ट असतो. आपल्याकडच्या ऑर्केस्ट्रात आणि बँजो पार्टीत दिसणाऱ्या जुन्या ऑक्टोपॅडचेही तसेच, आणि पुढची सगळी कृती त्यालाही लागू पडते. अशा वेळी मिडीचा पोर्ट असलेला ऑडिओ इंटरफेस (वाद्य आणि लॅपटॉप यांना जोडणारा बाहेरचा डबा) किंवा मिडी-यूएसबी कन्व्हर्टर लागतो. मोड्यूलच्या ‘आउट’मधून निघालेली वायर इंटरफेसच्या ‘इन’मध्ये जाते. कन्व्हर्टरवरची अक्षरे गोंधळात टाकतात. काहीच येत नसेल तर दोन टोकांची अदलाबदल करून पाहा, त्याने काही बिघडत नाही.

सॉफ्टवेअरमध्ये जोडणी

आधी मोड्यूल सुरू करा, मग सॉफ्टवेअर उघडा. काही सॉफ्टवेअर सुरू होतानाच उपकरणे शोधतात आणि नंतर जोडलेले त्यांना दिसत नाही. मॅकवर ‘ऑडिओ मिडी सेटअप’मध्ये मोड्यूलचे नाव दिसते का ते बघा. विंडोजवर नाव दिसले नाही तर कंपनीच्या साइटवरून त्या मॉडेलचा ड्रायव्हर घ्या.

मॅक असेल तर गॅरेजबँड फुकट आहे आणि त्यात ड्रमचे आवाजही आहेत. विंडोजवाल्यांना मी रीपर हे रेकॉर्डिंगचे सॉफ्टवेअर सुचवतो. ६० दिवस पूर्ण वापरून बघता येते. त्यात असे करा: ‘प्रेफरन्सेस’मधल्या मिडीच्या यादीत मोड्यूलचे नाव शोधून इनपुट चालू करा. नवा ट्रॅक घ्या. ट्रॅकचे लाल बटण दाबा. इनपुट म्हणून मिडी, मग तुमचे मोड्यूल, मग ‘ऑल चॅनल्स’ निवडा. ड्रम बहुधा दहाव्या चॅनलवर येतात, पण सगळे चॅनल खुले ठेवले की चुकायला जागा राहत नाही. आता स्नेअरवर एक ठोका द्या. ट्रॅकवरचा मीटर हलला की जोडणी झाली. आवाज मात्र आलेला नसेल, कारण अजून वही आहे आणि तबला नाही. ट्रॅकवर ड्रमचा प्लगइन, म्हणजे मिडीवरून आवाज काढणारे छोटे जोड-सॉफ्टवेअर, लावा. ‘एमटी पॉवर ड्रम किट २’ मोफत मिळतो आणि सुरुवातीला पुरेसा आहे. ट्रॅकचे मॉनिटरिंग, म्हणजे वाजवताना लॅपटॉपमधून आवाज ऐकू येणे, चालू असू द्या.

ठोका आणि आवाज यांतले अंतर

काठी पॅडवर पडते आणि आवाज क्षणभराने येतो, त्याला लेटन्सी म्हणतात. बोटांना ती लगेच कळते; हात जड झाल्यासारखे वाटतात आणि लय मागे ओढली जाते. ऑडिओच्या सेटिंगमध्ये ‘बफर’ नावाचा आकडा असतो. ४८ किलोहर्ट्झच्या सॅम्पल रेटला (आवाजाचे सेकंदाला ४८ हजार नमुने) बफर १२८ असेल तर त्याचे सुमारे २.७ मिलिसेकंद होतात, ५१२ असेल तर जवळजवळ ११. त्यात बाकीच्या टप्प्यांचा थोडा वेळ मिळवा. हवेत आवाजाला एक मीटर जायला सुमारे ३ मिलिसेकंद लागतात, त्यामुळे तेवढे अंतर कोणाला खुपत नाही. दहाच्या पुढे गेले की खुपते. १२८ पासून सुरुवात करा, आवाज तडतडला तर २५६ करा. विंडोजवर एएसआयओ ड्रायव्हर वापरा, तो ही लेटन्सी कमी ठेवतो. इंटरफेस नसेल तर एएसआयओफॉरऑल मोफत आहे. ब्लूटूथ हेडफोन या कामाला अजिबात चालत नाहीत, वायरचेच हवेत.

लॅपटॉप जुना असेल तर एक सोपी वाट आहे. मॉनिटरिंग बंद करा, मोड्यूलचाच आवाज ऐकत वाजवा आणि लॅपटॉपमध्ये फक्त मिडी उतरू द्या. क्लिक, म्हणजे लय धरायची टकटक, हवी तर लॅपटॉपच्या हेडफोन जॅकमधून मोड्यूलच्या ऑक्स इनमध्ये (बाहेरचा आवाज घेणाऱ्या जॅकमध्ये) एक वायर टाका. सगळे ठोके एकसारखे थोडे उशिरा पडलेले दिसले तर अख्खी क्लिप (रेकॉर्ड झालेला तुकडा) तेवढी डावीकडे, म्हणजे आधी, सरकवा.

उलट, प्लगइनचा आवाज ऐकत वाजवायचे असेल तर मोड्यूलचा आवाज शून्यावर आणा. एका ठोक्याचे दोन आवाज येण्याचे सर्वांत सामान्य कारण हेच असते.

आधी आकडा बघा

सगळे जोडले, आणि टॉमवर मारले की झांज वाजते. किंवा हाय-हॅटच्या मध्यावर आवाज येतो, कडेवर शांतता. इथे अनेकांना पॅड बिघडला असे वाटते. पॅड ठीक असतो. प्रत्येक पॅड एक क्रमांक पाठवतो, आणि प्लगइन त्या क्रमांकावर जे ठेवलेले असेल ते वाजवतो. किक ३६, स्नेअर ३८, बंद हॅट ४२, उघडी हॅट ४६, क्रॅश ४९, राइड ५१ हे बहुतेक ठिकाणी सारखे असतात. कडा आणि रिम यांचे मात्र एकमत नाही. रोलँडच्या अनेक मोड्यूलमध्ये हॅटची कड २२ आणि २६ पाठवते, स्नेअरची रिम ४०. प्लगइनमध्ये २२ वर काहीच नसेल तर शांतताच मिळणार.

म्हणून कागद-पेन घ्या. रेकॉर्ड दाबा आणि एकेका पॅडवर चार-चार ठोके द्या: आधी मध्य, मग कड, मग राइडची घुमटी. थांबवून क्लिप उघडा. ज्या ओळीवर ठोके पडले तिचा क्रमांक पॅडच्या नावापुढे लिहा. मग प्लगइनच्या मॅपिंगमध्ये तोच क्रमांक द्या. काही प्लगइनमध्ये ठरावीक मोड्यूलचे तयार मॅप असतात, ते आधी तपासा. अर्ध्या तासाचे काम आहे, पण एकदा केले की पुन्हा करावे लागत नाही.

हॅटच्या पेडलची गोष्ट थोडी वेगळी. पाय किती दाबला आहे हे कंट्रोलर ४ वर ० ते १२७ अशा आकड्यांनी जाते. पेडल पूर्ण दाबूनही हॅट अर्धवट उघडी वाजत असेल तर तुमचे पेडल शेवटच्या आकड्यापर्यंत पोचत नाही. मोड्यूलमध्ये पेडलचे कॅलिब्रेशन करा, नाहीतर प्लगइनमधली हॅटची मर्यादा कमी करा. झांज हाताने धरल्यावर थांबत नसेल, तर ‘आफ्टरटच’ संदेश कुठे अडवला जात नाही ना ते बघा. बरीच मोड्यूल झांज थांबवण्याचा इशारा त्याच मार्गाने पाठवतात.

त्याच चाचणीच्या क्लिपमध्ये जोरही बघून घ्या. हळू मारलेले ठोकेही १२७ ला टेकत असतील तर मोड्यूलमध्ये त्या पॅडची सेन्सिटिव्हिटी उतरवा, नाहीतर हलके ठोके हरवतील. किक मारली की टॉमचा पुसटसा ठोका उमटत असेल तर टॉमचा थ्रेशोल्ड, म्हणजे ठोका मोजला जाण्यासाठी लागणारा किमान जोर, वाढवा.

रेकॉर्डिंग

दोन मापांची मोजणी ठेवून रेकॉर्ड दाबा. इंटरफेस असेल तर मोड्यूलच्या डाव्या-उजव्या लाइन आउटमधून दोन वायरी त्याच्याकडे नेऊन दुसऱ्या ट्रॅकवर आवाजही घ्या. वाजवून झाले की सगळे ठोके आपोआप रेघेवर बसवणारे क्वान्टाइझचे बटण लगेच दाबू नका. आधी तसेच ऐका. स्नेअर क्लिकच्या किंचित मागे पडतो म्हणूनच कित्येकदा ठेका डुलतो, आणि सगळे ठोके रेघेवर बसवले की तो डोल जातो. जिथे खरोखर कानाला टोचते तेवढाच ठोका हाताने सरकवा.

शेवटी हा सगळा प्रोजेक्ट टेम्प्लेट म्हणून सेव्ह करा, म्हणजे उद्या मोड्यूल सुरू करून तो उघडला की ट्रॅक, प्लगइन आणि मॅपिंग जसेच्या तसे तयार मिळतील.