स्वतःचे मराठी न्यूजलेटर: प्लॅटफॉर्म कसा निवडावा, पहिला अंक कसा पाठवावा

जानेवारी २०२३मध्ये ट्विटरने रेव्ह्यू ही आपली न्यूजलेटर सेवा, म्हणजे वाचकांना ईमेलने नियमित अंक पाठवण्याची सोय, बंद केली. २९ फेब्रुवारी २०२४ला टायनीलेटर ही तशीच दुसरी सेवा बंद झाली. वाचकांची यादी ज्यांनी वेळेत उतरवून घेतली होती, ते दुसऱ्या सेवेवर गेले आणि त्यांचे काम पुढे चालू राहिले. न्यूजलेटरमध्ये तुमच्या मालकीच्या गोष्टी दोनच: तुमचे लिखाण आणि ते मागवणाऱ्यांच्या ईमेल पत्त्यांची यादी. प्लॅटफॉर्म, म्हणजे अंक पाठवणारी सेवा, हे भाड्याचे घर आहे, म्हणून ते घेतानाच सामान बाहेर काढता येईल का हे बघून घ्यावे.

आधी बारा विषय

कुठेही खाते उघडण्याआधी एका वाक्यात लिहा: काय देणार आणि कधी देणार. ‘मनातले काही’ असे लिहिले तर कोणी पत्ता देत नाही. ‘दर दुसऱ्या शनिवारी एका रानभाजीची ओळख, निवडण्यापासून शिजवण्यापर्यंत’ असे लिहिले तर लोक देतात. मग लगेच बारा अंकांचे विषय कागदावर उतरवा. टाकळा, भारंगी, शेवळं, कुर्डू इथपर्यंत हात भराभर चालतो. पाऊस संपल्यावर काय लिहायचे, तिथे तो अडखळतो. ही अडचण चौथ्या महिन्यात कळण्यापेक्षा आज कळलेली बरी. तीन अंक पूर्ण लिहून हाताशी ठेवा, मगच नोंदणी उघडा. नोकरी सांभाळून लिहिणाऱ्याने आठवड्याचा वायदा करू नये. पंधरवडा झेपतो. अंक ६०० ते १००० शब्दांचा पुरे.

प्लॅटफॉर्म निवडताना

प्रत्येक सेवेला तीन प्रश्न विचारा. यादी सीएसव्ही फाइलमध्ये, म्हणजे कुठेही उघडणाऱ्या साध्या तक्त्यात, उतरवता येते का? ईमेल माझ्या स्वतःच्या डोमेनवरून, म्हणजे मी विकत घेतलेल्या वेबनावावरून, जाईल का? पुढे वर्गणी घ्यायची झाली तर भारतात पैसे मिळतील का?

सबस्टॅक पाच मिनिटांत सुरू होते आणि मोफत न्यूजलेटरला काहीच खर्च नाही. वाचकांची यादी आणि सगळे लेख तिथून उतरवता येतात. सशुल्क वर्गणीवर ते १० टक्के घेतात, वाचकांकडून पैसे जमा करून देणाऱ्या स्ट्राइप या सेवेचे शुल्क वेगळे. भारतातल्या लेखकाची अडचण इथेच येते. सबस्टॅकवर पैसे फक्त स्ट्राइपमार्फत येतात आणि भारतात स्ट्राइप नवी खाती निमंत्रणाशिवाय उघडत नाही. अमेरिकेत किंवा युरोपात राहणाऱ्या मराठी लेखकाला ही अडचण नाही. आणखी एक गोष्ट: ५० डॉलर एकदाच भरून सबस्टॅकवर स्वतःचे डोमेन लावता येते, पण ते संकेतस्थळाच्या पत्त्यापुरतेच. ईमेल सबस्टॅकच्या पत्त्यावरूनच जाते.

घोस्ट ही ना-नफा संस्थेची मुक्तस्रोत, म्हणजे कोड सर्वांना खुला असलेली, प्रणाली आहे. वर्गणीतला वाटा ती घेत नाही. त्यांच्याकडे होस्टिंग, म्हणजे त्यांच्या सर्व्हरवर जागा, घेतले तर दरमहा पैसे मोजावे लागतात, स्वतःच्या सर्व्हरवर बसवली तर मोठ्या संख्येने ईमेल पाठवायला मेलगन ही वेगळी सेवा जोडावी लागते. सर्व्हर सांभाळायची सवय नसेल तर दुसऱ्या वाटेला जाऊ नका.

बटनडाउन साधे आणि नीटनेटके आहे, मोफत मर्यादा १०० वाचकांची. बीहाइव्ह २,५०० वाचकांपर्यंत आणि किट, म्हणजे आधीचे कन्व्हर्टकिट, १०,००० वाचकांपर्यंत मोफत योजना देत आले आहेत. मात्र मोफत मर्यादेवर भरवसा ठेवून निवड करू नये. मेलचिंपची मर्यादा एके काळी २,००० होती, पुढे ती ५०० वर आली.

नुसते लिहायचे असेल आणि तांत्रिक गोष्टींची आवड नसेल, तर सबस्टॅकवर सुरू करा. वर्षभरात वर्गणी घ्यायची खात्री असेल, तर लेख तिथेच राहू द्या आणि पैसे रेझरपेसारख्या भारतीय सेवेच्या पेमेंट पेजवर यूपीआयने घ्या. दरमहा नको, वार्षिक वर्गणी ठेवा. मराठी वाचकाला मासिकांमुळे तिची सवय आहे, आणि कोणाची वर्गणी कधी संपते हे हाताने तपासणेही वर्षातून एकदाच करावे लागते.

स्वतःच्या डोमेनवरून पाठवत असाल तर

जीमेलचा फुकटचा पत्ता ‘प्रेषक’ म्हणून दुसऱ्या सेवेत टाकू नका. ते पत्र खरोखर जीमेलकडून आलेले नाही हे समोरच्या सर्व्हरला कळते आणि पत्र स्पॅममध्ये पडते. डोमेन घ्या आणि नूतनीकरणाचा दर आधी बघा, कारण पहिल्या वर्षाची सवलत पुढे टिकत नाही. मग सेवेने दिलेल्या तीन नोंदी डीएनएसमध्ये, म्हणजे डोमेन विक्रेत्याकडच्या तुमच्या डोमेनच्या नोंदवहीत, भरा: एसपीएफ (तुमच्या नावाने कोण पाठवू शकते), डीकेआयएम (पत्रावरची डिजिटल सही) आणि डीमार्क (तपासणीत न बसलेल्या पत्राचे काय करायचे). जीमेल आणि याहू यांनी फेब्रुवारी २०२४पासून मोठ्या प्रेषकांना या तिन्ही सक्तीच्या केल्या. जीमेलच्या हिशेबात मोठा प्रेषक म्हणजे दिवसाला ५,००० पत्रे पाठवणारा. पण छोट्यांनीही त्या भराव्यात.

चुका ठरलेल्या असतात. एका डोमेनला एसपीएफची एकच नोंद चालते. ऑफिसच्या ईमेलसाठी आधीची एक असताना दुसरी जोडली, की दोन्ही निकामी होतात. नवी सेवा जुन्याच ओळीत घालावी लागते. दुसरी चूक: नावाच्या रकान्यात पूर्ण डोमेन लिहिले तर बऱ्याच डोमेन विक्रेत्यांच्या पानावर ते दोनदा जोडले जाते आणि नोंद सापडतच नाही. डोमेनच्या आधीचा भाग तेवढा लिहा. डीमार्क सुरुवातीला ‘नन’वर, म्हणजे कोणतेही पत्र अडवू नका अशा सूचनेवर, ठेवा.

देवनागरीची काळजी

इंग्रजी मार्गदर्शकांत हा भाग नसतो आणि मराठी अंक बिघडतात ते नेमके इथे.

मजकूर युनिकोडमध्येच, म्हणजे सगळ्या यंत्रांना समजणाऱ्या अक्षरसंकेतातच, हवा. डीटीपीच्या जुन्या फाँटमधला मजकूर तुमच्या संगणकावर मराठी दिसतो, वाचकाकडे मात्र रोमन अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी पोहोचते, कारण त्या फाँटमध्ये मराठी आकार इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेले असतात. आधी युनिकोडमध्ये रूपांतर करा. मग ‘दुसऱ्या’, ‘तऱ्हा’, ‘वाऱ्यावर’ हे शब्द मुद्दाम तपासा, रूपांतरात रफार तिथे चुकीचा बसतो.

वेगळा फाँट निवडण्यात वेळ घालवू नका. जीमेल बाहेरचा फाँट उतरवून घेत नाही, वाचकाला त्याच्या फोनमधलाच दिसतो. त्यापेक्षा अक्षरांचा आकार १८ पिक्सेल आणि ओळींमधले अंतर १.६ ते १.७ पट ठेवा, म्हणजे वरच्या ओळीचा उकार आणि खालच्या ओळीची वेलांटी एकमेकांना भिडत नाहीत. अक्षरांमधले अंतर वाढवू नका, शिरोरेषा तुटते. तिरपी अक्षरे टाळा, बहुतेक देवनागरी फाँटमध्ये ती रचलेलीच नसतात, यंत्र सरळ अक्षर नुसते कलते करते. मजकूर डावीकडे जुळवा. दोन्ही कडा जुळवल्या तर मराठीतल्या लांब शब्दांमुळे ओळीत भगदाडे पडतात.

आता वजनाचे. जीमेल १०२ केबीपेक्षा मोठे पत्र मधेच कापते आणि उरलेले वाचायला दुवा देते. यूटीएफ-८ या युनिकोड साठवण्याच्या पद्धतीत इंग्रजी अक्षराला १ बाइट लागतो, देवनागरीच्या प्रत्येक वर्णाला, काना-मात्रेलासुद्धा, ३ लागतात. हजार मराठी शब्दांचे सुमारे २० केबी होतात आणि त्यावर सजावटीचा कोड चढतो. पत्र कापले गेले की तळाचा ‘अनसबस्क्राइब’ दुवा दिसेनासा होतो, मग वैतागलेला वाचक ‘स्पॅम’ दाबतो. जीमेलने स्पॅम तक्रारींची मर्यादा ०.३ टक्के सांगितली आहे, म्हणजे हजार पत्रांमागे तीन. म्हणून अंक दोन हजार शब्दांच्या आत ठेवा आणि वर्डमधून थेट चिकटवू नका, अदृश्य कोडही सोबत येतो. कंट्रोल-शिफ्ट-व्ही वापरा. चित्रे या वजनात मोजली जात नाहीत, तरी प्रत्येक २०० केबीच्या आत असावे. कवितेचे चित्र करून टाकू नका: ती शोधात सापडत नाही आणि दृष्टिहीन वाचकाचा फोन ती वाचू शकत नाही.

लेखाचा वेबपत्ता रोमन लिपीत, दोन-तीन शब्दांचा, हाताने भरा. देवनागरी पत्ता व्हॉट्सअॅपवर पाठवला की टक्केचिन्हांची लांबलचक माळ होते आणि लोक ती बघून बिचकतात.

वाचक

सोसायटीच्या ग्रुपमधले किंवा माजी विद्यार्थ्यांच्या यादीतले पत्ते परस्पर भरू नका. बऱ्याच स्पॅम तक्रारींचे मूळ तिथे असते. पहिल्या तीस-चाळीस जणांना एकेकट्याला निरोप पाठवा, नोंदणीचा दुवा द्या, भरायचे त्यांच्यावर सोडा. नोंदणीनंतर पुष्टीचे ईमेल जाईल अशी सोय चालू ठेवा. थोडे जण गळतात, पण चुकीचे टंकलेले पत्ते आणि यंत्रांनी भरलेल्या नोंदी यादीत शिरत नाहीत. स्वागताच्या पत्रात एक साधा प्रश्न विचारा आणि उत्तर मागा. उत्तर दिलेल्या पत्त्याची पत्रे जीमेल सहसा मुख्य इनबॉक्समध्ये ठेवते. बटणे इंग्रजीत असतील, म्हणून तळाशी मराठीत एक ओळ घाला: ‘अंक नको असल्यास खालील दुव्यावर टिचकी मारा.’

काही सेवा प्रत्येक पत्राखाली टपालाचा पत्ता छापतात, कारण अमेरिकेच्या कायद्याला तो लागतो. घरचा पत्ता देण्याऐवजी पोस्टातली पेटी भाड्याने घ्या. सबस्टॅक तिथे स्वतःचा पत्ता घालते.

पाठवताना आणि पाठवल्यावर

आधी स्वतःला चाचणी पाठवा. अँड्रॉइडवर, आयफोनवर, संगणकावरच्या आउटलुकमध्ये आणि डार्क मोडमध्ये उघडून बघा. संगणकावरच्या जीमेलमध्ये ‘मूळ दाखवा’ निवडले की एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क यांच्यापुढे ‘पास’ दिसले पाहिजे. विषयाची ओळ ३५ अक्षरांच्या आत, महत्त्वाचा शब्द सुरुवातीला. शनिवारी सकाळी सातला पाठवलेला अंक पुण्यात चहासोबत वाचला जातो आणि न्यू जर्सीत शुक्रवारी रात्री जेवणानंतर पोहोचतो.

किती जणांनी उघडले या आकड्यावर फार जाऊ नका. सप्टेंबर २०२१पासून ॲपल मेल पत्रातली चित्रे आधीच उतरवून ठेवते, त्यामुळे न वाचलेले पत्रही उघडलेले मोजले जाते. आलेली उत्तरे मोजा.

महिन्याच्या एक तारखेला वाचकांची यादी आणि तीन महिन्यांतून एकदा सगळे लेख उतरवून स्वतःच्या संगणकावर ठेवा. सीएसव्ही फाइल एक्सेलमध्ये दोनदा टिचकी मारून उघडली तर मराठी नावांच्या जागी विचित्र चिन्हे दिसू शकतात. ती तशीच जतन केली तर नावे कायमची गेली. ‘डेटा’ टॅबमधून फाइल आत घ्या, यूटीएफ-८ निवडा, आणि मूळ प्रत हात न लावता वेगळ्या फोल्डरमध्ये राहू द्या.