डायनासोरचं अंडं की नुसता गोटा? लमेटाच्या थरात नेमकं काय बघायचं

व्हॉट्सॲपवर गोल दगडाचा फोटो येतो आणि खाली प्रश्न, हे डायनासोरचं अंडं आहे का? तर अशा वेळी गोट्याकडे नंतर बघा, आधी विचारा की तो सापडला कुठल्या दगडात. महाराष्ट्रात बहुतेक ठिकाणी काळा बेसॉल्ट आहे, म्हणजे थंड झालेला लाव्हा, आणि तो झिजताना कांद्यासारखे पापुद्रे सुटत सुटत आपोआप गोल गोटे तयार होतात, त्यात अंडं शोधत बसणं म्हणजे वेळ घालवणं.

आपल्याला हवाय लमेटाचा थर, डायनासोरची अंडी आणि हाडं सापडतात तो. जबलपूरजवळ नर्मदेवर लमेटा घाट आहे त्यावरून हे नाव, वय साधारण ७ कोटी वर्षं, म्हणजे डायनासोर संपायच्या जरा आधीचं. हा थर नर्मदेच्या बाजूने गुजरातपर्यंत तुकड्या-तुकड्यांनी दिसतो आणि आपल्याकडे चंद्रपूर जिल्ह्यातही आहे. लांबून ओळखायचं तर काळ्या बेसॉल्टच्या पायथ्याशी फिकट पट्टा शोधा, कुठे वाळूमिश्रित पांढरट चुनखडी, कुठे लालसर-हिरवट चिकणमाती.

आता अंडं. पूर्ण गोळा हातात येईल ही अपेक्षा सोडा, बहुतेक वेळा खडकात नुसतं वर्तुळ किंवा अर्धवर्तुळ दिसतं. मध्य प्रदेशात धार जिल्ह्यातल्या बाग-कुक्षी भागातून २०२३ मध्ये ९२ घरटी आणि २५६ अंडी नोंदवली गेली, टायटॅनोसॉर गटातल्या, म्हणजे लांब मानेच्या शाकाहारी डायनासोरची, साधारण १५ ते १७ सेंमी व्यासाची. तर त्या वर्तुळाची कड नीट बघा, तिथे आतल्या-बाहेरच्या दगडापेक्षा वेगळ्या रंगाची एक-दोन मिलिमीटरची रेघ पाहिजे, तेच कवच. कवचाचा सुटा तुकडा असेल तर बाहेरच्या बाजूवर बोट फिरवा, बारीक पुटकुळ्या लागतात, आणि १० पट मोठं दाखवणारं भिंग असेल तर तुटलेल्या कडेत खालून वर पंख्यासारखे उघडत गेलेले स्फटिक दिसतात. कवचच नाही? मग तो चुनखडीचा गोळा, लमेटात असले ढिगाने सापडतात.

हाडासाठी तुटलेलं टोक बघायचं, बाहेर घट्ट आणि आत बारीक बारीक भोकं. जीभ लावून चिकटते का बघा असं सगळे सांगतात, पण सुकी चिकणमातीही चिकटते, आणि शेतातला दगड चाटायची हौस कशाला!

चंद्रपूरच्या वरोरा तालुक्यातलं पिसदुरा मात्र वेगळ्याच गोष्टीसाठी प्रसिद्ध आहे, ती म्हणजे दगड झालेली विष्ठा. ऐकायला कसंतरी वाटतं पण २००५ मध्ये याच विष्ठेत गवताचे सूक्ष्म अंश सापडले आणि त्या काळी गवत होतं हे कळलं. जवळच्या डोंगरगावचा डायनासोर तर इसीसॉरस, इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटच्या आद्याक्षरांवरून नाव पडलेला. शेतात जायच्या आधी मालकाला विचारा, पीक उभं असेल तर बांधावरूनच परत फिरा.

मनसोक्त बघायचं असेल तर गुजरातमधलं बालासिनोरजवळचं रैयोली गाठा, राजासॉरस हा मांसाहारी डायनासोर तिथलाच, आणि २०१९ पासून म्युझियमही आहे.

आणि काही सापडलंच तर उचलू नका, खरवडू नका. गुजरातमधल्या ढोली डुंगरी गावच्या एका दगडाचंच बघा, त्यातली हाडं आधी डायनासोरच्या पिल्लाची वाटली होती, पुढे २००१ मध्ये त्यात सापाचे मणके ओळखू आले, म्हणजे घरट्यात अंडं, पिल्लू आणि शेजारी साडेतीन मीटरचा साप, २०१० मध्ये त्याचं नाव सनाजेह ठेवलं. कुणी हौसेने त्यातलं एक अंडं फोडून घरी नेलं असतं तर सापाची गोष्टच कळली नसती. म्हणून शेजारी पेन किंवा नाणं ठेवून जवळून एक फोटो, मग पूर्ण कड्याचा लांबून एक, फोनमधलं लोकेशन सेव्ह करा आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाला कळवा, मध्य विभागाचं ऑफिस नागपुरातच आहे.