पेठेचे हरवत चाललेले गावपण चित्रात कसे उतरवावे

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृहाला आग लागली आणि १९१५ साली पॅलेस थिएटर म्हणून उभी राहिलेली ती वास्तू डोळ्यांदेखत जळाली, तेव्हा सारे कोल्हापूर हळहळले. असे नुकसान चित्रात आणणे अवघड असले तरी त्याला निदान एक तारीख असते, एक दृश्य असते आणि बघणाऱ्याला ते ओळखता येते. पेठेचे गावपण मात्र थोडेथोडे जाते. एका घराचा कट्टा पाडून तेथे शटर बसते, दुसऱ्या घराच्या दारात गाडी उभी करण्यासाठी पायऱ्या काढल्या जातात, तिसरे घर बिल्डरकडे जाते, आणि नेमके कधी काय गेले ते कोणालाच सांगता येत नाही. अशा नुकसानीचे चित्र करू पाहणाऱ्या चित्रकारांसाठी आणि ग्रेड परीक्षेनंतर पुन्हा ब्रश हातात घेतलेल्या हौशी मंडळींसाठी, मी स्वतः ज्या पद्धतीने काम करतो ती येथे मांडत आहे.

रंग कालवण्याआधी आपल्या पेठेत गावपण कशात होते, हे स्वतःशी स्पष्ट करून घ्यावे. माझ्या मते ते जुन्या लाकडी खांबांपेक्षा माणसाला काही विकत न घेता, बिनकामाचे थांबता येत असे अशा जागांमध्ये होते: घराचा ओटा, तालमीचा कट्टा, टिकटीवरच्या (तीन रस्ते मिळतात त्या जागेवरच्या) पानपट्टीची बाजू, समोर म्हैस पिळून ग्लासात फेसाळ दूध हाती देणारा गंगावेशीतला दूध कट्टा. येथे बसलेला माणूस येणाऱ्या-जाणाऱ्याला ओळखत असे आणि जाणाऱ्यालाही आपल्याकडे कोणी बघत आहे याची जाणीव असे. आपल्या गल्लीतल्या अशा जागांची यादी करावी. वडीलधाऱ्यांना ‘पूर्वी कसे होते?’ असा मोघम प्रश्न विचारू नये, कारण त्याचे उत्तरही मोघमच मिळते. संध्याकाळी तुम्ही कोठे बसत होता, कोणत्या खिडकीतून कोणाला हाक मारत होता, कोणाच्या माडीवरून ज्योतिबाचा डोंगर दिसत होता, असे विचारले की बोलणे आपोआप नेमक्या दगडावर आणि नेमक्या दारावर येते. यादीतली एकच जागा निवडावी. सारे शहर एका चित्रात बसवण्याच्या नादात मंदिराचे शिखर, रंकाळा, पैलवान आणि चप्पल एकत्र येतात आणि चित्राचे पर्यटनाचे भित्तिपत्रक होते.

हे मला एका चुकीतून कळले. शिवाजी पेठेतल्या एका दुपाखी घराचे मोठे जलरंगचित्र मी मन लावून केले होते. कौलांवरचे शेवाळ, सोप्याचे खांब, दाराची कडी, सर्व काही त्यात होते. शेजारच्या आक्कांना ते दाखवले. त्या बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, “घर बरोबर हाय रं, पण ह्या कट्ट्यावर माणूस मांडी घालून बसंल व्हय?” मी ओटा बारीक पट्टीएवढा काढला होता. दुसऱ्या दिवशी दोरी घेऊन मी तो मोजला. रुंदी जवळजवळ दोन हात होती, उंची गुडघ्याएवढी होती, आणि कडेच्या काळ्या दगडाला दोन ठिकाणी गुळगुळीत, खोलगट झीज आली होती. त्या दोन खोलगट्यांत दीड हाताचे अंतर होते. रोज दोन माणसे तेथे शेजारी बसत होती, हे त्या दगडावर लिहिलेले होते आणि मी ते वाचले नव्हते.

तेव्हापासून मी आधी मोजतो आणि मग काढतो. टेप असला तरी हात आणि वीत यांनी मोजावे, कारण या जागा माणसाच्या शरीराच्या मापानेच बांधल्या गेल्या होत्या. झिजलेल्या दगडावर, दाराच्या फळीवर किंवा उंबऱ्यावर पातळ कागद ठेवून वरून मेणखडू आडवा घासावा. दगडाचा पोत कागदावर जसाच्या तसा उमटतो आणि तो दगड उद्या निघाला तरी त्याचा ठसा आपल्याजवळ राहतो. अर्थात, घरमालकाला विचारूनच हे करावे.

रेखाटन करताना उभे राहू नये. ज्या ओट्याचे चित्र काढायचे, त्याच्यासमोर तेवढ्याच उंचीवर बसावे आणि क्षितिजरेषा बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या पातळीवर धरावी. या एका निर्णयाने निम्मे काम होते. त्या पातळीवरून जुन्या घराची पागोळी डोक्यावर छत्री धरल्यासारखी जवळ दिसते आणि शेजारची सहा मजली इमारत मुद्दाम राक्षसी न करताही आपल्या खऱ्या उंचीने अंगावर येते. मोबाइलवरील छायाचित्रावरून थेट चित्र करण्याचे टाळावे, कारण अरुंद गल्लीत मोबाइलचे रुंद भिंग कडा ताणते आणि अंतरे खोटी करते. गल्लीची रुंदी आणि आकाशाची पट्टी यांचे प्रमाण हाच तर आपला विषय आहे.

रंगांविषयी थोडक्यात सांगतो. पेठेतला काळा दगड नळीतल्या काळ्या रंगाने मरतो. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना मिसळून तो राखाडी तयार करावा; त्याच बर्न्ट सिएनाने कौले केली की दगड आणि छप्पर एका घरातले वाटतात. नव्या इमारतीची काच आणि चकचकीत पत्रे यांना मात्र त्या मिश्रणातला थेंबही देऊ नये. पाहणाऱ्याला कारण कळले नाही तरी हे दोन भाग एकमेकांशी बोलत नाहीत, हे त्याला जाणवते.

अक्षरांकडे मात्र बारकाईने लक्ष द्यावे, कारण कोल्हापुरात हा विषय फार जिव्हाळ्याचा आहे. हे बाबूराव पेंटरांचे गाव. रंगभूमीचे पडदे रंगवणाऱ्या या कलावंताने पुढे चित्रपट काढले आणि त्यांची पोस्टरेही स्वतः रंगवली. दुकानाची पाटी, तालमीचे नाव, गाडीच्या मागची ओळ ही सर्व अक्षरे येथे ब्रशने लिहिली जात. आज प्रत्येक चौकात वाढदिवसाच्या शुभेच्छांचे फ्लेक्स आहेत आणि त्यांवरची अक्षरे जगातल्या कोणत्याही शहरात चालतील अशी आहेत. हाताने रंगवलेली पाटी सापडली तर तिचे अक्षर जसेच्या तसे उतरवून घ्यावे: वेलांटीचा झोका, अक्षराखालची छाया, जागा संपल्यामुळे दाटीने बसवलेले शेवटचे अक्षर. यातून एक वेगळे चित्रही करता येते. उतरवून ठेवलेला जुना फ्लेक्स मागून पॉलिश पेपरने घासावा, प्रायमर द्यावा आणि त्या पाठीवर ॲक्रिलिकने जुन्या पाटीची अक्षरे लिहावीत. माध्यम आणि विषय एकमेकांवर आदळतात, आणि शेजारी खुलासा लिहावा लागत नाही.

हळूहळू होणारा बदल एका चित्रात मावत नाही, म्हणून मालिका करावी. कोल्हापूरचे जुने चित्रकार अबालाल रहिमान यांनी रंकाळा, पंचगंगा, कोटितीर्थ हा आपल्या पायाखालचा परिसर पुन्हा पुन्हा रंगवला. टाउन हॉल संग्रहालयात त्यांचे काम बघताना जाणवते की जवळच्या जागेचा कंटाळा न येणे हीच एक साधना आहे. मूळ रेखाटन जाड कागदावर करावे आणि दरवर्षी त्याच जागेवरून फक्त बदललेल्या रेषा ट्रेसिंग पेपरवर काढून त्यावर ठेवाव्यात. चार-पाच वर्षांत खालचे घर धूसर होत जाते, वरच्या इमारतीच्या रेषा दाट होत जातात आणि आकाशाची पट्टी बारीक होते. यासाठी दसऱ्याचा दिवस निवडण्याचा मोह होईल, पण दसरा तिथीप्रमाणे सरकतो आणि उन्हाचा तिरपेपणा बदलतो. मी ६ मे, म्हणजे शाहू महाराजांचा स्मृतिदिन आणि सकाळची आठची वेळ ठरवली आहे. ऊन तेच राहिल्यामुळे जो फरक दिसतो तो गावाचाच असतो.

माणसे काढावीत की नाही, हा प्रश्न मला आजही सुटलेला नाही. सध्या मी बसलेल्या माणसाच्या जागी कागद कोरा सोडतो, मात्र त्याची सावली ओट्यावर रंगवतो. महापुराच्या विषयाचाही मोह आवरावा. २००५, २०१९ आणि २०२१ च्या पाण्याच्या खुणा भिंतींवर चित्रासारख्या दिसतात, परंतु त्याच दिवसांत अनोळखी लोकांनी एकमेकांना घरात घेतले होते, म्हणजे गावपण जिवंत असल्याचीच ती साक्ष होती. तो विषय स्वतंत्रपणे करावा.

चित्रे झाली की शाहू स्मारकाच्या कलादालनात जरूर लावावीत, पण त्याआधी एक संध्याकाळ ती त्याच गल्लीत, त्याच ओट्यावर भिंतीला टेकवून ठेवावीत. लोक थांबतात, चुका काढतात, ‘इथं नळ होता’ असे बोट ठेवून सांगतात. ते सर्व पेन्सिलने चित्राच्या मागे लिहून घ्यावे: तारीख, वेळ, आपण बसलो ती जागा, ओट्याची रुंदी हातांत, आणि तेथे कोण बसत असे ते, सांगणाऱ्याच्याच शब्दांत.