उष्णतेचा कोड सोळा कोरवर नेताना

संशोधन करणारी मुलं माझ्याकडे येतात ती बहुधा एकच प्रश्न घेऊन: "मॅडम, एमपीआय कुठून सुरू करू?" एमपीआय म्हणजे एकच काम अनेक प्रोसेसना वाटून त्यांच्यात निरोप पाठवायची पद्धत. मी म्हणते, आधी वेळ मोजा. कोडमधलं कोणतं फंक्शन किती सेकंद खातं ते जीप्रॉफ हे वेळ मोजणारं साधन सांगेल. संगणकतज्ज्ञ जीन अॅमडाल यांनी 1967 मध्ये मांडलेला हिशोब आजही लागू आहे: 5 टक्के काम वाटून देताच येत नसेल, तर कितीही कोर (प्रोसेसरमधले स्वतंत्रपणे गणित करणारे भाग) लावा, वेग 20 पटीपुढे जायचा नाही. फाइल वाचण्या-लिहिण्यात हे 5 टक्के हमखास सापडतात.

आता पत्र्यावर उष्णता कशी पसरते ते काढायचंय असं धरा. ग्रिड, म्हणजे पत्र्यावरच्या बिंदूंची जाळी, 1600 बाय 1600, प्रत्येक बिंदूचं नवं तापमान शेजारच्या चौघांवरून. 16 प्रोसेसना (एकेका कोरवर चालणाऱ्या कोडच्या प्रतींना) आडव्या पट्ट्या वाटल्या, तर मधल्या प्रोसेसला दर पायरीला 3200 आकडे पाठवावे लागतात. 400 बाय 400 चे चौकोन पाडले, तर 1600 च. म्हणून चौकोनच पाडा. भोवती एक जादा रांग ठेवा आणि शेजाऱ्याची किनार तिथं उतरवून घ्या. पुण्यात सी-डॅक या सरकारी संस्थेनं 1991 मध्ये उभारलेला परम 8000 हा महासंगणक सुद्धा ट्रान्सप्युटरच्या, म्हणजे एकमेकांना जोडलेल्या प्रोसेसर चिपच्या, अशाच देवाणघेवाणीवर चालायचा.

खरी अडचण इथंच येते. दोन्ही शेजारी प्रोसेसनी आधी एमपीआय सेंड (आकडे पाठवायचा आदेश) लावलं, तर लहान ग्रिडवर सगळं सुरळीत चालतं, कारण आकडे बफरमध्ये, म्हणजे तात्पुरत्या साठवणीच्या जागेत, मावतात. ग्रिड मोठी केली की दोघंही समोरच्यानं घेण्याची वाट बघत बसतात आणि जॉब, म्हणजे यंत्रावर सोडलेलं काम, लटकतो. पाठवणं आणि घेणं एकत्र करणारं सेंडरिसीव्ह वापरा. हात बसला की वाट न बघता पाठवणारं आयसेंड आणि तसंच घेणारं आयरिसीव्ह सोडा, तोवर आतले बिंदू सोडवा, किनार शेवटी.

मग 1 आणि 16 प्रोसेसची उत्तरं ताडून बघा. सगळ्या ग्रिडची बेरीज शेवटच्या अंकांत हलेल. बेरजेचा क्रम बदलला की फ्लोटिंग पॉइंटमध्ये, म्हणजे संगणकाच्या मर्यादित अंकांच्या दशांश आकड्यांत, तसं होतंच. पण चौकोनांच्या सांध्यावर तापमान वेगळं दिसलं, तर किनारीची देवाणघेवाण चुकली आहे.

शेवटी 1, 2, 4, 8, 16 कोरवर वेळ मोजा. 8 वर साडेपाच पट आणि 16 वर 6 पट वेग मिळाला, तर स्लर्मच्या (जॉब रांगेत लावणाऱ्या प्रणालीच्या) स्क्रिप्टमध्ये 8 च मागा. आयसर पुणे या विज्ञान संस्थेच्या परम ब्रह्म या महासंगणकासारख्या यंत्रावर इतरांचेही जॉब रांगेत असतात. ग्रिड वाढवलीत की पुन्हा 16 वर मोजा.